पेशंटच्या हातात सिरिंज द्या: मधुमेह शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मधुमेह शिक्षिका आहे. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते. आता माझ्या कामाचे दोन भाग आहेत. ओपीडीत आलेल्या पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना मधुमेह समजावून सांगायचा, आणि आजूबाजूच्या उपकेंद्रांतल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), एएनएम (गावातल्या नर्स), आशाताई यांना तेच काम शिकवायचं. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय, पण घरात कुणाला इन्सुलिन चालू असेल तर घरच्यांनीही वाचावं. कुठली गोळी आणि किती डोस हे डॉक्टर ठरवतात. मी सांगतेय ते त्यानंतरचं काम.

आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ साली आले, तेव्हा देशात मधुमेह असलेल्यांचा अंदाज १०.१ कोटी निघाला. डॉक्टर चिठ्ठी लिहितात तोवर पुढचा पेशंट दारात उभा असतो. सुई कशी टोचायची, साखर उतरली, म्हणजे रक्तातली साखर फारच कमी झाली, तर काय खायचं, पाय कसा तपासायचा, हे निवांत बसून सांगायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नाही.

माझा एकच नियम आहे. पेशंट "हो, कळलं सिस्टर" म्हणाला की शिकवणं झालं, असं धरायचं नाही. आपल्याकडं दवाखान्यातल्या माणसासमोर "नाही कळलं" म्हणायला लोक बुजतात, आणि म्हातारी माणसं तर जास्तच. म्हणून जे शिकवलं ते त्यांच्या हातून करून घ्यायचं, नाहीतर त्यांच्या तोंडून परत ऐकायचं. "समजलं का?" हा प्रश्न मी बंद केलाय. त्याऐवजी विचारते, "आजी, घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल? मला सांगा बरं." आजी सांगायला लागल्या की कुठं गाळलंय, कुठं उलटंपालटं झालंय, ते लगेच दिसतं.

आधी विचारा, मग सांगा

नवीन पेशंट समोर बसला की माहिती द्यायची घाई करू नका. "शुगर निघाली म्हटल्यावर मनात काय आलं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. आमच्याकडं ठरलेली उत्तरं येतात. सुई लागली म्हणजे शेवटची स्टेज. एकदा इन्सुलिन घेतलं की सवय लागते. गोळ्यांनी किडनी जाते. शेजारच्यानं जांभळाच्या बियांची पावडर खाल्ली आणि गोळ्या सुटल्या. ही भीती बाहेर येऊ दिली नाही, तर आपलं पुढचं सगळं बोलणं वाया जातं. माणूस मान डोलावतो, घरी जातो आणि बाटली फ्रीजमध्ये तशीच पडून राहते.

उत्तर द्यायचं ते खरं आणि थोडक्यात. इन्सुलिन हे कुठलं बाहेरचं औषध नाही. आपल्या स्वादुपिंडात ते रोज तयार होतं, आणि वर्षानुवर्षं मधुमेह असला की ते कमी पडायला लागतं. कमी पडतं तेवढं वरून द्यायचं. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढलं. त्याआधी टाइप १ मधुमेह, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही असा मधुमेह, झालेली लेकरं वाचतच नव्हती. नोव्हेंबरची १४ तारीख जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात, तो बँटिंगचा जन्मदिवस. हे सांगितलं की पुष्कळांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण सुई ही शिक्षा नाही, तिनं माणसं जगवली आहेत, हे त्यांना दिसतं.

गोळ्या आणि किडनीचंही असंच उलट करून सांगावं लागतं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि वाढलेलं बीपी किडनी खराब करतात, आणि साखर आटोक्यात ठेवायला गोळ्या असतात. किडनीचा रिपोर्ट बिघडला तर काही गोळ्यांचा डोस कमी करावा लागतो किंवा त्या बदलाव्या लागतात. तेवढ्यासाठी दरवर्षी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं.

"मी तर काटकुळा, मला कशी शुगर?" हा प्रश्न आला तर टेप काढा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. फोटोत दोघं शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात चरबी लपलेली असते, हे त्या फोटोइतकं पटकन दुसऱ्या कशानं पटत नाही. मग पेशंटला स्वतःच्याच हातानं कंबर मोजू द्या. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका.

४० की १००: बाटली आणि सिरिंजची जोडी

इथं घाई करायची नाही. आमच्या भागातली सगळ्यात धोक्याची चूक इथंच होते.

आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिलीचं असतं, त्याची सिरिंज वेगळी आणि तिचं टोपण लाल. १०० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिनही मिळतं. इन्सुलिनच्या पेनात, म्हणजे पेनासारख्या दिसणाऱ्या सुईच्या साधनात, बहुतेक तेच असतं, आणि काही बाटल्यांतही असतं. त्याच्या सिरिंजचं टोपण नारंगी. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले, हातात १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज असेल, तर २० च्या खुणेपर्यंत भरल्यावर अंगात ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं, म्हणजे ४० ची बाटली आणि नारंगी टोपणाची सिरिंज, तर २० च्या जागी फक्त ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे कोड्यात पडतात. पेनाच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे आतल्या औषधाच्या नळीतून, सिरिंजनं इन्सुलिन काढायचं नाही, हेही याच कारणानं बजावून सांगा.

म्हणून टेबलावर दोन्ही बाटल्या आणि दोन्ही सिरिंज मांडून ठेवते आणि म्हणते, "काका, तुमची जोडी लावा." अक्षरओळख नसली तरी ४० आणि १०० हे आकडे बहुतेकांना वाचता येतात. जोडी लावता आली की मेडिकलच्या काउंटरवरही ते स्वतः बघून घेतात. "दुकानदार देईल ते आणा" असं सांगून कधीच पाठवू नका.

आता भरणं. रिकाम्या बाटलीत सलाइन घालून सरावाला ठेवा. पेशंट हात धुतो, बाटलीचं रबर पुसतो. औषध ढगाळ असेल, म्हणजे ३०/७० चं, जलद आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण असेल, तर बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू घोळवायची, दहा वेळा, पांढरेपणा सगळीकडं सारखा दिसेपर्यंत. खळाखळा हलवायची नाही. मग जितके युनिट घ्यायचे तितकी हवा सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरायची आणि औषध ओढायचं. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर आणायचा आणि परत बाटलीत ढकलायचा. दांड्याची काळी कड नेमकी खुणेवर आली का, ते चष्मा लावून उजेडात बघायचं. ही पायरी मी प्रत्येकाकडून दोन-तीनदा करून घेते. मोतीबिंदू झालेल्या एका आजींना १४ ची आणि १८ ची खूण सारखीच दिसत होती, ते असं करून घेताना कळलं. तेव्हापासून नातू भरून देतो आणि आजी टोचून घेतात. दोघांना एकत्र बसवून शिकवलं.

टोचणं. पोटावर बेंबीच्या भोवती दोन बोटं सोडून, नाहीतर मांडीच्या बाहेरच्या बाजूला. सिरिंजची सुई ६ किंवा ८ मिलिमीटरची असते, म्हणून कातडीची चिमूट हळू उचलून टोचायचं. पेनाची ४ मिलिमीटरची सुई मोठ्या माणसाला सरळ टोचली तरी चालते, चिमूट लागत नाही. पेन असेल तर प्रत्येक वेळी आधी २ युनिट हवेत सोडून सुईच्या टोकावर थेंब येतो का बघायचं, आणि बटण दाबल्यावर सावकाश दहा आकडे मोजून मगच सुई काढायची. साधं किंवा ३०/७० चं ह्युमन इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास. पहिली सुई पेशंटनं माझ्यासमोर स्वतःच घ्यायची. भीती असते ती त्या पहिल्या सुईची, आणि ती सिस्टरनं टोचून दिली तर घरी जाईपर्यंत तशीच राहते.

जागा रोज बदलायची, आदल्या जागेपासून एक बोट लांब. इथं स्टाफला कळकळीनं सांगते की नुसतं विचारू नका, हात लावून बघा. एकाच जागी टोचून टोचून कातडीखाली मऊ गाठ येते. ती कधी डोळ्यांना दिसत नाही, पण बोटं फिरवली की लागते. तिथं टोचलेलं दुखत नाही, म्हणून माणसाला तीच जागा आवडते. पण तिथून इन्सुलिन धड अंगात जात नाही, आणि डॉक्टर डोस वाढवत जातात. गाठ सापडली की पेशंटचं बोट तिच्यावर ठेवून त्यालाही जाणवू द्या आणि लिहायच्या पेननं भोवती गोल काढा. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं विसरू नका. चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त पडू शकतो आणि साखर एकदम उतरू शकते.

साठवण्याचं सांगताना आपल्याकडचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकून द्यायचं. वापरातली बाटली गार जागी चार आठवडे चालते. फ्रीज नसेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात बाटली आणि वर ओलं फडकं. वाळू रोज भिजवायची. गाडीच्या डिकीत आणि खिडकीत बाटली कधीच ठेवायची नाही.

आणि एक हिशोब स्टाफनं पाठच करावा. ४० ची १० मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट. सकाळी २४ आणि रात्री १६ घेणाऱ्याची बाटली दहा दिवसांत संपायला हवी. "डोस चुकवता का?" असं विचारलं तर सगळेच नाही म्हणतात. "मागची बाटली कधी आणली?" असं विचारा. महिना झाला असेल तर रागावू नका, अडचण विचारा. पैसे नसतात, किंवा सुनेसमोर सुई घ्यायची लाज वाटते, किंवा मागं एकदा साखर उतरून घाबरलेले असतात.

साखर उतरली तर

हे पेशंटपेक्षा घरच्यांना जास्त शिकवायचं, कारण त्या वेळी पेशंटचं डोकं चालत नाही. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, उगाच चिडचिड, तोंडातून भलतंच बोलणं. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला की साखर उतरली. मीटर जवळ नसेल तर शोधत बसायचं नाही, आधी साखर द्यायची. पाण्यात तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, ७० च्या वर आली नसेल तर परत तेवढंच द्यायचं, आणि बरं वाटलं की भाकरी-पोळी काहीतरी खायचं. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या तुपा-चरबीमुळं साखर रक्तात पोचायला वेळ लागतो.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरातली साखर लवकर काम करत नाही. ही गोळी आतड्यात साखर फुटूच देत नाही. त्यांना मेडिकलमधली साधी ग्लुकोज पावडरच लागते. त्यांच्या चिठ्ठीवर मी लाल पेननं "ग्लुकोज" लिहिते आणि पुडी खिशात आहे का, ते दर भेटीला काढून दाखवायला सांगते.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पहाटे सुई घेऊन फडात जातात आणि डबा उघडतो ऊन डोक्यावर आल्यावर. त्यांना "वेळेवर जेवा" एवढं सांगून भागत नाही. दिवस कसा जातो ते तासातासानं विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडं जा. सुईची वेळ किंवा प्रकार बदलता येतो, पण ते डॉक्टरांना आपण सांगितलं तरच.

ताटाबद्दल थोडंच

ओट्स आणि ब्राऊन ब्रेड लिहिलेला छापील कागद गावात कुणाच्या कामाचा नाही. काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारा आणि त्यातली एकच गोष्ट बदला. ज्वारीची भाकरी कितीही चालते, हा समज फार पक्का आहे. भाकरी पोळीपेक्षा बरी असली तरी तीन भाकरी म्हणजे तीन भाकरी. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ किंवा घट्ट आमटी, उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. गूळ म्हणजे साखरच. उपासाचं मात्र आवर्जून विचारा. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार. साबुदाण्याची खिचडी आणि रताळं यांनी साखर चढते, आणि नुसत्या पाण्यावर राहून ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी घेतली तर साखर फार उतरते. उपास धरायचाच असेल तर आदल्या आठवड्यात गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगा. "उपास सोडा" म्हणालात तर ते तुम्हाला न सांगता करतील.

पाय, आणि आषाढीची वारी

दोन्ही पालख्या आमच्या जिल्ह्यातून पंढरपूरला जातात, त्यामुळं पायांचं शिक्षण आमच्याकडं जूनच्या आधी उरकायचं असतं. मधुमेहानं पायाची जाणीव गेली की खडा रुतलेला कळत नाही, फोड फुटलेला कळत नाही, आणि जखम चिघळल्यावरच माणूस येतो.

जाणीव तपासायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे पायाला टेकवून बघायचा नायलॉनचा बारीक तंतू, चांगला, पण प्रत्येक उपकेंद्रात तो असतोच असं नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी नुसत्या बोटाची चाचणी बसवलीय, ती प्रत्येक आशाताईला येते. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं. आपल्या तर्जनीच्या टोकानं त्याच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा बोटं, एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टकटक करायचं नाही. स्पर्श कळला की त्यानं "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांवर कळलं नाही तर जाणीव कमी झालीय, डॉक्टरांकडं पाठवायचं.

वारीला जाऊ नका, असं मी कुणाला सांगत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या वारी आहे त्यांना ते सांगणं बरोबर नाही, आणि ते ऐकणारही नाहीत. मी महिनाभर आधी बोलावते. पाय बघते. अनवाणी चालायचं नाही एवढं एकच वचन मागते. नवे बूट वारीत पहिल्यांदा घालायचे नाहीत, आधी पंधरा दिवस गावात वापरायचे. सुती मोज्यांचे दोन जोड, भिजले की बदलायला. बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात घालून बघायचं. मुक्कामाला पोचलं की पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. तळव्याला तेल लावा, बेचक्यांत नको. मग दिंडीतल्या सोबत्यानं बॅटरीच्या उजेडात तळवे बघायचे, म्हणून त्या सोबत्यालाही मी शिकवणीला बसवते. फोड आला तर फोडायचा नाही, वाटेवरच्या आरोग्य पथकाला दाखवायचा. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त चालणं होतं, तेव्हा इन्सुलिनचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठरवायचा. ग्लुकोजची पुडी कमरेच्या पिशवीत, सामानाच्या ट्रकमध्ये नाही.

स्टाफला शिकवताना

प्रोजेक्टर लावू नका. तीन टेबलं मांडा. एकावर बाटल्या-सिरिंज, दुसऱ्यावर ग्लुकोमीटर, तिसऱ्यापाशी खुर्ची आणि उघडा पाय. प्रत्येकीनं प्रत्येक टेबलावर हातानं करायचं आणि शेजारणीनं बघून चूक सांगायची. सलाइन भरून नव्या निर्जंतुक सुईनं प्रत्येकीनं स्वतःच्या पोटावर एकदा टोचून घ्यावं, असा माझा आग्रह असतो. त्यानंतर त्या पेशंटला "काही दुखत नाही" असं खोटं सांगत नाहीत, "मुंगी चावल्यासारखं होतं, मी घेऊन बघितलंय" असं खरं सांगतात.

ग्लुकोमीटरच्या टेबलावर एक प्रयोग करा. आंबा चिरलेल्या हातानं एक रीडिंग, मग साबणानं हात धुऊन, कोरडे करून दुसरं. दोन आकडे शेजारीशेजारी दिसले की हात धुवायचं पुन्हा सांगावं लागत नाही. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी हे बहुतेकींना माहीत असतं, पण रक्त कमी असलेल्या बाईत किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या पेशंटमध्ये तो आकडा फसवू शकतो, हे मुद्दाम सांगावं लागतं. लोहाच्या कमतरतेनं तो खोटा वाढलेला दिसू शकतो. मीटरचे आकडे एक सांगत असतील आणि एचबीए१सी दुसरंच, तर हिमोग्लोबिन बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात, झाकण लावून, भरला की उपकेंद्रात आणून द्यायच्या. कचरा गोळा करणाऱ्या बाईच्या हाताला त्या टोचतात.

एकदा शिकवलं की झालं, असं नसतं. निदान झाल्यावर, मग दरवर्षी, काही नवी अडचण आली की, आणि दवाखान्यातून घरी जाताना, एवढ्या वेळा तरी परत बसायचं. इन्सुलिन नवीन चालू झालं असेल तर दोन-तीन दिवसांत फोन करायचा. नोंदवहीत "समुपदेशन केले" असं लिहू नका. "१४ युनिट स्वतः बरोबर भरले. पोटावर उजवीकडे गाठ, डॉक्टरांना कळवले. ग्लुकोज पुडी जवळ नव्हती. सूनबाईला बोलावले आहे." असं लिहा. पुढच्या वेळी ड्यूटीवर दुसरी सिस्टर असली तरी कुठून सुरुवात करायची ते तिला कळतं.